पानापासून सुईपर्यंत

२ सप्टेंबर

दुपारी खिडक्या लावून घेतल्या की आमचं कालिबोतलं घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. अननसाच्या पानांतून निघणाऱ्या वाखाला वारा चालत नाही. पंखा लावला की ताणा कोळ्याच्या जाळ्यासारखा उडायला लागतो, म्हणून बायका बंद खोलीत घाम पुसत विणतात. शिंपल्यांच्या तावदानांतून दुधी उजेड येतो आणि त्या उजेडात कापड दिसतं न दिसतं असं असतं. लहानपणी मला वाटायचं, आई रिकाम्या मागावर बसून नुसते हात हलवते.

आज मात्र बरेच माग खरोखरच रिकामे होते. आठांतले तीन चालू, बाकीच्यांना बाणा नाही. लूझ, माझ्याकडची सगळ्यात जुनी विणकर, मागावर डोकं टेकून झोपली होती. मी तिला उठवलं नाही. उठून तरी काय करणार?

संध्याकाळी समुद्रापलीकडच्या लुंबान गावाहून आलिंग पुरिताचा फोन आला. आमच्या कापडावर तिच्याकडच्या बायका भरतकाम करतात, त्याचे नवरदेवांचे सदरे होतात.

"पेपांग, मी भांडायला फोन केला नाही," ती म्हणाली. म्हणजे भांडायलाच केला होता. "पण नवरदेवाला मी काय सांगू? लग्न पुढे ढकल बाबा, कालिबोत वाख संपलाय?"

"पुढच्या आठवड्यात नक्की पाठवते."

"तुझा पुढचा आठवडा मला माहीत आहे. हे बघ, जानेवारीपर्यंत वाट बघते. तोवर दर महिन्याला वेळेवर कापड आलं तर माझं सगळं काम तुझं. नाही आलं तर मी यंत्रावरचं रेशीम मिसळलेलं कापड घेणार. लांबून सगळं सारखंच दिसतं."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं तिने.

विल्मा आलीय. माझ्या भावाची मुलगी, मला तिता म्हणते, म्हणजे आत्या. सेबूला एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात माल कुठून कुठे, कधी, कसा पोचतो हे बघायची. नोकरी सोडून आलीय. का सोडली ते ती सांगत नाही, मी विचारत नाही. रात्रीच्या जेवणात तिने भात दोनदा घेतला, त्यावरून फार वाईट काही नसावं.

५ सप्टेंबर, मंगळवार

नोंग सिरियाको आले एकदाचे. मानाने पुरुषाला नोंग म्हणायचं, बाईला नांग, ही आमच्याकडची रीत. मोटरसायकलच्या मागच्या खोक्यात केळीच्या पानांत गुंडाळलेला धागा. बालेतेच्या डोंगरात ज्या घरी पानं खरवडतात तिथून ते वाख उचलतात, नांग माक्सिमाच्या बायकांकडे टोकाला टोक गाठ मारून जोडायला देतात, आणि असा गाठलेला धागा आम्हा विणणाऱ्यांकडे आणतात. माझ्या आईच्या काळापासून हे असंच चाललंय.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"झाला खरा."

"पाच माग बसून आहेत, कळतं का तुम्हाला?"

"कळतं. म्हणून तर आधी इकडे आलो."

"आधी इकडे? सगळं गाव ओलांडून?"

"इकडचा रस्ता चांगला आहे," ते म्हणाले.

इकडच्या रस्त्याला खड्ड्यांशिवाय काही नाही. या माणसाला कशात काय चांगलं दिसतं देव जाणे. गरम चॉकलेट केलं, ते प्यायले. एक पेला संपवायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लूझ वीतभर विणते. घाई कशी ती ठाऊकच नाही. बायको जाऊन किती वर्षं झाली, पण शर्टाची बटणं अजून चुकीच्या घरात असतात.

धागा मात्र सुरेख होता. उजेडात धरला तर बोटांत काही आहे असं वाटेना.

९ सप्टेंबर

विल्माने आज जमिनीवर बटणं मांडली. हिरवी बटणं म्हणजे पानं खरवडणारी घरं, काळी म्हणजे गाठणाऱ्या बायका, पांढरी म्हणजे आमचे माग, आणि दूर दाराजवळ एक मोठं शिंपल्याचं बटण, ते लुंबानची आलिंग पुरिता.

"तिता, ही तुझी पुरवठा साखळी."

"साखळी कसली? माळ तुटून मणी सांडल्यासारखं दिसतंय."

"तेच सांगतेय," ती म्हणाली. "आलिंग पुरिताला थोडं कापड जास्त हवं असतं. ती भीतीने तुझ्याकडे बरंच जास्त मागते. तू त्याहून घाबरतेस आणि नोंग सिरियाकोंना दुप्पट सांगतेस. वर डोंगरात ऐकू जातं की खाली वाखाची बोंब आहे. मग तिथे लोक दडवून ठेवतात, आणि तुला खरोखरच काही मिळत नाही. कुणी खोटारडं नाही तुमच्यात. पण कुणाला दुसऱ्याचं खरं ठाऊकही नाही."

मला राग आला. कारण मी दुप्पट सांगते हे मी तिला सांगितलं नव्हतं.

मग तिने नोंग सिरियाकोंचा रस्ता दोरीने आखला आणि हसायलाच लागली. "हा माणूस बालेतेहून निघतो. वाटेत दोन विणणारी घरं लागतात, तिथे थांबत नाही. थेट समुद्राच्या अंगाला तुझ्याकडे येतो, मग उलटा फिरून त्यांच्याकडे जातो. खोकं रिकामं असलं तरी मंगळवारी येतोच, असं लूझ सांगते. सेबूत असा ड्रायव्हर दुपारपर्यंत टिकला नसता."

"त्यांना जमत नसेल हिशेब," मी म्हटलं.

विल्माने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "नसेल."

रात्री स्वप्नात बघितलं की डोंगरापासून समुद्रापर्यंत एकच कापड ताणलंय, आणि त्याच्याखालून सगळे चालताहेत. वरून प्रत्येकाची सावली दिसते, पण कुणाची कोणती ते ओळखू येत नाही.

१४ सप्टेंबर

बालेतेला जाऊन आलो. नोंग सिरियाकोंनी विल्माला मागे बसवलं, मी जीपनीने, माणसं-माल कोंबून धावणाऱ्या जीपगाडीने. चढावर हवा ओली आणि गार, नारळांखाली अननसांच्या लालसर पात्या. एका परसात बायका पानं फळीवर ठेवून फुटक्या बशीच्या कडेने खरवडत होत्या. हिरवं निघून गेलं की आतून केसांसारखा वाख येतो. दरवेळी मला ती जादूच वाटते.

नांग माक्सिमाच्या ओसरीवर तिच्या बायका मांडीवर काळं फडकं पसरून बसल्या होत्या, वाख दिसावा म्हणून. लांबून बघितलं तर हवेलाच गाठी मारताहेत असं वाटावं.

"तयार धागा किती आहे, नांग?" विल्माने विचारलं.

"कुठला ग बाई धागा! काही नाही. दिवस वाईट आलेत," माक्सिमा म्हणाली. ती हे माझ्या आईलाही सांगायची.

विल्मा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कुणीतरी आधी बोलल्याशिवाय हे सरायचं नाही. मी म्हटलं, "मी दरवेळी लागतो त्याच्या दुप्पट मागते, नांग. भीतीने."

मग माक्सिमा उठली, आत गेली, आणि वाळूने भरलेलं मातीचं मडकं फरफटत बाहेर आणलं. धागा गुंतू नये म्हणून वाळूत ठेवतात. वरची वाळू काढली तर खाली चकाकणारी वेटोळी.

"तू दुप्पट मागतेस म्हणून मी अर्धं लपवते," ती म्हणाली, "आणि मी अर्धं लपवते म्हणून तू दुप्पट मागतेस. दोघी मूर्ख!"

मग एकेक बाई उठून आपापल्या घरी गेली. जी ती मडकं घेऊन परत येतेय आणि हसतेय. एकीचं मडकं तर दोघींनी उचलून आणलं.

नोंग सिरियाको पायरीशी उभे होते. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. आणि दोघींनी खरं सांगितलं असतं तर मला इतक्या फेऱ्या कशाला पडल्या असत्या?"

फेऱ्यांचं भाडं त्यांना सुटतं, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. साधा दिसतो माणूस, पण पोटापुरतं बघतोच.

२६ सप्टेंबर

आज त्यांना सांगायचं होतं. सकाळपासून मी वाक्यं जुळवत होते. विल्माची योजना अशी: सगळ्यांचा फोनवर एक गट. पानं किती पिकली, वाख किती वाळला, धागा किती गाठला, कापड किती विणलं, लग्नं किती आहेत, ज्याने त्याने रोज खरं लिहायचं. आणि बालेतेहून रोज पहाटे भाजीची जीपनी खाली येतेच, ती छोटंसं पुडकं आमच्या दारात टाकेल. आठवड्याचा ढीग नको. रोज लागेल तेवढंच.

म्हणजे फेरी नको. म्हणजे नोंग सिरियाको नकोत.

मी सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकत होते.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "रोज थोडा आला तर वाख ओलसर राहील. तुटणार नाही."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कसला राग? तुझे माग चालतील ना."

"पण तुम्ही काय करणार?"

"डोंगरात कामं असतात, पेपांग."

मग त्यांनी चॉकलेटचा दुसरा पेला मागितला. इतक्या वर्षांत कधी मागितला नव्हता. पीत पीत विल्माला सांगितलं की जीपनीवाल्याला पुडकं टोमॅटोखाली ठेवू देऊ नका, पुढे स्वतःजवळ ठेवायला सांगा. निघताना दाराशी खोक्याचा पट्टा बांधायला त्यांना फार वेळ लागला. बिघडला असावा.

मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. मग दुपारभर डोकं का दुखत होतं कळत नाही. बंद खोलीतली हवा.

१२ ऑक्टोबर

सकाळी फोन उघडला की डोंगर बोलायला लागतो. आज ऊन आहे, वाख वाळतोय. आज सुनेला दिवस गेल्याचं कळलं, दुपारनंतर काम बंद. माक्सिमा लिहिते: लिहायला चष्मा लागतो, गाठायला लागत नाही, गंमतच आहे. लुंबानहून आलिंग पुरिता कळवते: शनिवारचा नवरदेव जाडा निघाला, कापड थोडं जास्त धरा. त्यावर बालेतेतल्या बायका दिवसभर हसतात. त्या नवरदेवाला कुणी बघितलेलं नाही, पण सगळ्यांना त्याची काळजी.

आठही माग चालू आहेत. बंद खोलीत तो आवाज म्हणजे पक्ष्यांचा थवा लाकडं टोचत बसलाय तसा. लूझ म्हणाली, "नांग, हल्ली झोपायलाच मिळत नाही," आणि तक्रार करताना तिचा चेहरा उजळला होता.

महिन्याचं कापड वेळेच्या आधी गेलं. असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

नोंग सिरियाकोही गटात आहेत. एक अक्षर लिहीत नाहीत. पण प्रत्येक निरोपाखाली ज्यांनी तो वाचला त्यांची नावं येतात, त्यांत त्यांचं नाव असतं. बहुतेक सगळ्यात आधी.

३० ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. सगळं धूसर वाटतं, दुपारी खिडकीकडे बघत बसावंसं वाटतं, हातातलं काम राहून जातं. डॉक्टरने तपासलं आणि म्हणाली, "डोळे ठीक आहेत. काम वाढलंय का?"

वाढलंय कुठे? उलट कमी झालंय. पूर्वी अर्धा दिवस वाट बघण्यात जायचा, आता वाट बघायचं कामच उरलं नाही. जे लागतं ते पहाटे दारात येऊन पडलेलं असतं. आणि मग दुपार एवढी लांब होते की तिचं टोक दिसत नाही.

मंगळवारी चॉकलेट जास्त झालं. सवय. लूझला दिलं, तिने चटकन पिऊन टाकलं. मला उगाच राग आला तिचा.

आज गटात मी विचारलं की बालेतेत पाऊस आहे का. माक्सिमाने उत्तर दिलं, "तुझ्याकडे आहे तोच इथे आहे. तुला काय करायचंय?" खरंच, काय करायचं होतं?

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईच्या थडग्यावर फुलं ठेवली, पानात वाफवलेल्या चिकट भाताचा, इबोसचा नैवेद्य ठेवला, मेणबत्त्या लावल्या. सगळं गाव तिथेच होतं. मुलं वितळलेलं मेण गोळा करत होती.

पलीकडच्या रांगेत नोंग सिरियाको दिसले. त्यांच्या बायकोचं माहेर कालिबोतलं, म्हणून ती इथे आहे. ते थडग्यावरचं गवत उपटत होते. मी जवळ गेले.

"बरे आहात?"

"बरा आहे. माग?"

"सगळे चालू."

"वाचतो मी," ते म्हणाले. मी विचारलं, "मग येत का नाही तुम्ही?"

"काय घेऊन येऊ?"

याचं उत्तर सुचलं नाही. त्यांच्या हाताला लाल माती होती. नखांत खोलवर गेलेली. एका दिवसाच्या गवताने इतकी लागत नाही. त्यांच्यावर मजुरीची पाळी आली असावी, आणि ती माझ्यामुळे. घरी येताना रस्ताभर हेच डोक्यात होतं. आजूबाजूच्या मेणबत्त्या धूसर दिसत होत्या. त्या डॉक्टरीणबाईंना काही कळत नाही.

१७ डिसेंबर

वादळ. कातिक्लान बंदरातून माल नेणारी बोट बंद, आणि नाताळातल्या लग्नांचं सगळं कापड धक्क्यावरच्या गोदामात अडकलंय.

पूर्वी मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. "निघालंय, वाटेत आहे," असं सांगितलं असतं आणि फोन बंद करून पांघरूण ओढून पडले असते. आज गटात लिहिलं: कापड इथेच आहे. बोट केव्हा सुटेल कुणी सांगू शकत नाही.

आलिंग पुरिताने आधी देवाला, मग मला, मग वाऱ्याला शिव्या दिल्या. थोड्या वेळाने तिचा दुसरा निरोप आला. तिच्याकडे शिल्लक होतं त्या कापडावर सदऱ्यांच्या पुढच्या आणि मनगटाच्या पट्ट्या भरायला तिने बायकांना बसवलं होतं. ते काम आधी उरकेल, आमचं कापड पोचलं की नुसतं जोडायचं. दोन लग्नघरांशीही ती बोलली होती. वेळेत कळलं म्हणून त्यांनी समजून घेतलं. लगेच माक्सिमाने वर निरोप धाडला की पानं कापू नका, झाडावर राहिली तर वादळानंतरही चालतील, कापलेली कुजतील.

काय करायचं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एक खरं वाक्य लिहिलं, आणि पानापासून सुईपर्यंत सगळ्यांनी आपापले हात त्याप्रमाणे वळवले. विल्मा म्हणाली, "यालाच जोडलेली साखळी म्हणतात, तिता." मी म्हटलं, मला तर हे सगळ्यांनी मिळून एक श्वास घेतल्यासारखं वाटलं.

शेवटी सहज लिहिलं की पश्चिमेची खिडकी निखळली आणि तावदानं फुटली.

२० डिसेंबर

वारा पडला, बोट सुटली. मी स्वतः धक्क्यावर जाऊन गठ्ठा चढवून आले. परत येते तर खिडकी बसवलेली. नवे शिंपले, चौकट घासून गुळगुळीत केलेली.

"नोंग सिरियाको येऊन गेले," लूझ म्हणाली. "सकाळपासून होते."

"आणि मी यायच्या आत गेले?"

"जीपनी गाठायची होती म्हणाले."

"जीपनी? मोटरसायकल कुठाय त्यांची?"

"विकली म्हणे."

थांबायला काय झालं होतं? मी घरी नसताना येतात, न सांगता जातात. एवढासुद्धा शिष्टाचार नसावा माणसाला! मी जेवले नाही. त्या खिडकीतून येणारा उजेड इतर खिडक्यांपेक्षा जरा गुलाबी आहे. शिंपले वेगळे असावेत.

७ जानेवारी

आलिंग पुरिताने शब्द पाळला. तिचं वर्षाचं सगळं काम आमचं. दोन नवे माग घ्यावे लागतील, आणि वर माक्सिमाकडे आणखी बायका बसतील. नाताळातलं एकही लग्न सदऱ्यावाचून अडलं नाही.

केळीच्या गाभ्यातली कोंबडी केली, सगळ्यांना जेवायला बोलावलं. बायका नाचल्या. मी कडेला बसून बघत होते आणि मला वाटत होतं की हे सगळं काचेपलीकडे चाललंय.

भांडी घासताना विल्मा जवळ आली. "तिता, मी एवढी साखळी जुळवली, एकच कडी काढली, तर तू सगळीच सैल झालीस."

"काय बोलतेस?"

"तो रस्ता. वाटेतली घरं सोडून, खड्ड्यांतून, रिकामं खोकं घेऊन मंगळवारी येणारा माणूस. त्याला हिशेब जमत नव्हता असं तुला अजून वाटतं?"

"त्यांना इकडचा रस्ता आवडायचा."

"तिता."

"आणि आधी इकडे आले की..." मी बोलत होते आणि बोलता बोलता थांबले. नळ चालूच होता.

विल्माने तो बंद केला. "मीच चुकले थोडी," ती म्हणाली. "सेबूत अशा फेऱ्यांना आम्ही वाया गेलेला वेळ म्हणायचो."

मी तिला मूर्ख म्हटलं, या वयात मला चिडवू नकोस म्हटलं, आणि झोपायला आले. झोप येत नाहीये. म्हणून हे सगळं लिहिलं.

२१ जानेवारी

गावच्या चर्चच्या उत्सवाचा शेवटचा दिवस. ढोलांनी तावदानं थरथरताहेत. रस्त्यावर दरवर्षीसारखे काजळी फासलेले चेहरे, पिसांचे मुकुट, सगळे डुलत डुलत पुढे सरकताहेत. काजळीखाली प्रत्येक माणूस नोंग सिरियाकोंसारखाच दिसत होता. मी त्या गर्दीबरोबर चर्चपर्यंत गेले आणि तशीच परत आले. कितीतरी लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. त्यांना काय वाटलं असेल!

४ फेब्रुवारी

माक्सिमाचा निरोप: धागा आहे, हात आहेत, पण पुढच्या वर्षी पानं कमी पडणार. लोक आपल्या जुन्या जातीचे अननस काढून दुसरं काही लावताहेत. सगळ्या गटात यंदा नवी लागवड एकानेच केलीय.

"कुणी?" विल्माने लिहिलं.

"बघायला या," माक्सिमाने उत्तर दिलं.

विल्मा म्हणाली तिला काम आहे. तिला काही काम नाही. मी एकटी जाणार.

६ फेब्रुवारी

भाजीच्या जीपनीने परत वर जाताना मला नेलं. माक्सिमाने ओसरीवरूनच हाताने दाखवलं, "त्या नारळांच्या मागे, उतारावर." तिच्या बायका माना खाली घालून गाठत होत्या आणि सगळ्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

उतारावर धुकं होतं. लाल माती नुकती भुसभुशीत केलेली, आणि तीत अननसाचे छोटे तुरे रांगांत लावलेले. खालपर्यंत रांगाच रांगा, धुक्यात शिरून दिसेनाशा होणाऱ्या. सिरियाको गुडघ्यांवर बसून एक तुरा दाबत होते. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. त्यांनी वर बघितलं आणि उठायचं विसरूनच गेले.

"हे सगळं तुम्ही लावलं?"

"गटात वाचत होतो रोज. सगळ्यांचं सगळं जुळलं होतं. एक पानच पुढे कमी पडणार असं दिसत होतं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं." ते हात झटकत उठले. "मोटरसायकलची आता गरज नव्हती. तिच्या पैशांत हे बसलं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं अजून काही उगवलेलं नाही."

वाऱ्याने धुकं थोडं सरकलं. खालच्या रांगा दिसल्या. त्या पार ओढ्यापर्यंत गेल्या होत्या.

"पानं कापण्याजोगी केव्हा होतील?"

"दीड वर्ष तरी. तोवर माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही, पेपांग. पुडकं नाही, धागा नाही. यायला काही कारणच नाही."

मी इतके महिने जे उत्तर शोधत होते ते एवढं छोटं असेल असं वाटलं नव्हतं.

"मग नुसते या," मी म्हटलं.

त्यांचे कान लाल झाले. मग खाली वाकून त्यांनी पायाशी पडलेला एक तुरा उचलला आणि माझ्या हातात दिला, आणि बोटाने मातीत जागा करून दाखवली. मी लावला. वाकडा लागला. त्यांनी सरळ केला नाही.

दुपारपर्यंत मी तिथेच होते. चपला मातीने भरल्या. एकदा त्यांनी विचारलं, "रस्ता अजून तसाच आहे का तुमच्याकडचा?" मी म्हटलं, "अजून वाईट झालाय." "छान," ते म्हणाले.

११ फेब्रुवारी, रविवार

आले. जीपनीने आले, वळणावर उतरून चालत आले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग मागे बांधले, शेवटी लूझने त्यांच्या हातात एक धोटा दिला तेव्हा कुठे ते बसले. रविवार असूनही दोन विणकर बायका उगाच काहीतरी विसरल्याचं सांगून डोकावून गेल्या.

त्यांच्या शर्टाची बटणं आज सगळी बरोबर होती. विल्मा म्हणते मी हे मोठ्याने बोलले. मी बोलले नाही. बोलले असेन.

ते आणि विल्मा बाहेर बसलेत. ती त्यांना आपली जमिनीवरची बटणं दाखवतेय आणि त्यांना कुठलं बटण द्यायचं यावरून वाद चाललाय. ते हसताहेत. ते असे हसतात हे मला माहीत नव्हतं. कशावर हसताहेत ते इथून ऐकू येत नाही.

जाऊन बघते.